प्लग-इन हायब्रिड आणि लांबचा फ्रीवे: बॅटरीची शिदोरी कुठे सोडायची

प्रश्न थोडक्यात असा: टोयोटा रॅव्ह-४ प्राइम या प्लग-इन हायब्रिडने (भिंतीतून चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही असलेली गाडी) सॅन होजेहून लॉस एंजेलिसला जायचं, अंतर साधारण ३४० मैल. रात्री घरी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी गिलरॉयच्या थोडं पुढे संपते. मग उरलेला रस्ता पेट्रोलवर, क्रूझ (ठरलेला वेग आपोआप राखणारी सोय) ताशी ८० मैलांवर. पोहोचल्यावर टाकी भरून भागाकार केला की गॅलनला ३३ मैल येतात, कंपनी तर ३८ सांगते. बॅटरी राखून ठेवणारं होल्डचं बटण कधी दाबायचं, इंजिनाने बॅटरी भरणाऱ्या चार्ज मोडचा उपयोग आहे का, लॉस एंजेलिसच्या आधी लागणाऱ्या ग्रेपव्हाइनच्या, म्हणजे टेहोन खिंडीच्या, चढाआधी बॅटरी भरून घ्यावी का?

बटणांकडे येऊच, पण आधी त्या ३३ कडे पाहा. तो आकडा दिसतो त्यापेक्षा वाईट आहे. ३४० मैलांना ३३ म्हणजे सुमारे १०.३ गॅलन पेट्रोल. त्यातले पहिले ४० मैल तर विजेवर गेले, तिथे पेट्रोल लागलंच नाही. म्हणजे १०.३ गॅलनमध्ये गाडी फक्त ३०० मैल चालली, आणि पेट्रोलवरची खरी सरासरी २९ भरली. प्लग-इन गाडीत ही गफलत हमखास होते. बॅटरीचे मैल सरासरीत मिसळून जातात आणि इंजिन कसं चाललंय ते झाकून टाकतात. गाडीच्या स्क्रीनवरचा आकडाही तसाच मिसळलेला असतो. म्हणून ट्रिप-बी हे मीटर इंजिन सुरू झाल्यावर शून्यावर आणा आणि पुन्हा विजेवर जाताना वाचून ठेवा. तेवढा एकच आकडा तुमच्या चालवण्याबद्दल काहीतरी सांगतो.

आता दुसरा हिशोब. या गाडीची बॅटरी १८.१ युनिटची (किलोवॅट-तास म्हणजे आपलं वीजबिलातलं युनिट). त्यातली सगळी वापरायला मिळत नाही, खालचा काही भाग हायब्रिड चालण्यासाठी गाडी राखून ठेवते. हाताशी येतात ती ढोबळमानाने १४ युनिट. शहरात मैलाला ०.३० युनिट लागतं असं धरा, म्हणजे ४६ मैल. ७० च्या वेगाने फ्रीवेवर मैलाला ०.४० लागतं, म्हणजे ३५ मैल. शहरातले ४६ मैल इंजिनावर काढले असते तर, थंड इंजिन आणि थांबत-चालत धरून, सव्वा गॅलनच्या आसपास गेलं असतं. फ्रीवेवरचे ३५ मैल इंजिनावर काढले तर एक गॅलन. फरक पाव गॅलन. पेट्रोल ४.८० डॉलर धरलं तर सव्वा डॉलर.

म्हणजे बॅटरी कुठे वापरायची हा प्रश्न ज्यावर लोक तासन् तास वाद घालतात, तो या प्रवासात सव्वा डॉलरचा आहे. सोडू नये, पण डोक्यावरही घेऊ नये. मोठा पैसा वेगात आहे.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ७० चे ८० केले की वेग १४ टक्के वाढतो, पण हवेला ढकलायला दर मैली लागणारी ऊर्जा ३० टक्के वाढते. टायरचं घर्षण फारसं बदलत नाही, म्हणून एकूण खर्च साधारण १८-२० टक्क्यांनी वर जातो. ७० ला ३६ देणारी ही उंच, रुंद गाडी ८० ला ३०-३१ वर येते, आणि वर टेहोन खिंडीचा चढ धरला की तुमचे २९ बरोबर जुळतात. गाडीत काही बिघाड नाही. ३८ हा आकडा शहर आणि हायवे मिळून आहे. याच गाडीचा सरकारी हायवेचा आकडा ३६ आहे, शहराचा ४०. हायब्रिडचं गणित साध्या गाडीच्या उलटं असतं, शहरात जास्त आणि हायवेवर कमी.

हायवे १५२ जिथे आय-५ या उत्तर-दक्षिण फ्रीवेला मिळतो तिथून दक्षिणेला हायवे ९९ मिळतो तिथपर्यंत जवळजवळ १८० मैल सरळ, सपाट रस्ता आहे. ८० ऐवजी ७० ने (तिथली मर्यादाही तेवढीच) गेलात तर १९ मिनिटं जास्त लागतात आणि सुमारे ०.९ गॅलन वाचतं. म्हणजे सव्वाचार डॉलर, शिवाय तिकिटाची धास्ती नाही. १९ मिनिटांची किंमत ज्याने त्याने ठरवावी. पण ८० ने जायचं ठरवलं असेल तर मोडची बटणं दाबत बसण्यात अर्थ नाही, एवढं नक्की.

वाऱ्याचंही हेच गणित. उन्हाळ्यात सॅन होकिन खोऱ्यात वारा बहुतेक वायव्येकडून वाहतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो, परतताना तोंडावर. समोरून १० मैलांचा वारा असताना ७० ने जाणं म्हणजे हवेच्या हिशेबाने ८० ने जाणं. त्यामुळे जातानाची आणि येतानाची सरासरी वेगळी आली तर गाडीवर संशय घेऊ नका. दोन्ही बाजू मिळून आकडा काढा.

आय-५ वर आणखी एक अडचण आहे ती ट्रकांची. बहुतेक भागात एका बाजूला दोनच लेन. ट्रकांना मर्यादा ५५ ची, ते उजवीकडून ५७-५८ ने चाललेले. डावीकडची रांग ८० ने पळते. तुम्ही ७० वर क्रूझ लावून उजव्या लेनमध्ये. ट्रक जवळ आला की रडार क्रूझ आपणहून वेग कमी करतो, डॅशबोर्डवरच्या ताकदीच्या मीटरचा (चार्ज, इको, पॉवर असे पट्टे असलेला) काटा चार्जच्या बाजूला येतो, गाडी ५७ वर स्थिरावते. मग डावीकडे फट मिळते, तुम्ही लेन बदलता, आणि समोर मोकळं दिसताच क्रूझ ७० गाठण्यासाठी इंजिन ओरडवतो, काटा पॉवरच्या पट्ट्यात. या गाडीचं वजन माणसं-सामानासह २२०० किलो धरलं तर ५७ वरून ७० ला नेण्यात ०.१ युनिट जातं. त्यातलं थोडं वेग कमी करताना परत मिळालेलं असतं, पण सगळं नाही. एकेका वेळी किरकोळ, पण असे प्रसंग डझनावारी येतात आणि शेवटी पाय आणि डोकं दोन्ही थकतं.

उपाय रडारवर सोडण्यासारखा नाही, नजरेचा आहे. क्रूझचं अंतर सगळ्यात लांबच्या पट्टीवर ठेवा. ट्रक पाव मैलावर असतानाच आरशात पाहा. डावीकडे मोठी फट असेल तर तेव्हाच, वेग न तोडता, लेन बदला आणि ओव्हरटेक होताच परत उजवीकडे या. डावीकडे रांग असेल तर क्रूझ आधीच दोन-दोन मैलांनी खाली आणा, ६८, ६६, ६४. म्हणजे गाडी ब्रेक न लावता सावकाश जवळ जाते आणि तेवढ्यात रांग निघून जाते. लेन बदलल्यावर क्रूझवर न सोडता पायाने वेग वाढवा, काटा इकोच्या पट्ट्याच्या वरच्या टोकापर्यंत, पॉवरमध्ये न जाऊ देता. मागे ८० ची गाडी चिकटलेली असेल तर मात्र हे विसरा आणि जोरात पुढे निघा. पाच सेंट वाचवायला डावी लेन अडवू नये. आणि ट्रकच्या पाठीला चिकटून वारा वाचवण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. त्यात ब्रेकला जागा राहत नाही आणि काचेवर खडे येतात. एका काचेच्या पैशात दहा वर्षांचं पेट्रोल वाचवल्याचं समाधान जाईल.

आता बटणं.

या गाडीत तीन अवस्था लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ईव्ही म्हणजे निव्वळ वीज, तीही ८४ मैलांच्या वेगापर्यंत. एचव्ही म्हणजे इंजिन आणि बॅटरी मिळून, बॅटरीची पातळी आहे तिथेच राखून. होल्ड म्हणतात तो हाच. आणि चार्ज मोड, म्हणजे इंजिनाने बॅटरी भरणं. बॅटरी ‘संपली’ असं स्क्रीन सांगतं तेव्हाही खालचा राखीव भाग शिल्लक असतो आणि गाडी साध्या हायब्रिडसारखी चालत राहते. म्हणून बॅटरी शून्यावर गेली तर गाडी चढावर अडेल ही भीती टोयोटाच्या बाबतीत नको.

शिदोरी कुठे सोडायची याचं सूत्र एका वाक्यात असं: इंजिन जिथे वाईट चालतं तिथे वीज वापरा. फ्रीवेवर ६५-७० ने स्थिर चालताना इंजिन त्याच्या आवडत्या पट्ट्यात असतं. ते वाईट चालतं ते थंड असताना, सिग्नलवर, आणि १० मैलांच्या वेगाने सरकणाऱ्या रांगेत. सॅन होजेचे सिग्नल आणि १०१ फ्रीवेची सकाळची रांग ही एक जागा. दुसरी जागा प्रवासाच्या शेवटी आहे, आणि पहिल्या ४० मैलांत सगळं खाऊन टाकणाऱ्यांना तीच मिळत नाही: आय-५ सोडून लॉस एंजेलिसच्या ४०५ फ्रीवेला लागलात की सॅन फर्नांडो खोरं आणि पुढची खिंड, दुपारी तीन ते सात कधीही गेलात तरी रांगच. पूर्वी प्लग-इन गाड्यांना स्टिकरवर कारपूल लेन मिळायची. ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. आता गाडीत एकटे असाल तर तुम्हीही त्याच रांगेत.

तेव्हा दक्षिणेच्या प्रवासाची मांडणी अशी. पहाटे पाचला निघत असाल आणि १०१ मोकळा असेल तर रॅम्पपर्यंत ईव्ही, फ्रीवेवर वेग स्थिरावला की लगेच होल्ड. सकाळी आठला निघत असाल तर मॉर्गन हिलपर्यंतची रांग विजेवर काढा आणि मोकळं झालं की होल्ड. दोन्ही वेळा बॅटरी निम्म्याच्या आसपास शिल्लक राहिली पाहिजे, थोडी जास्त असली तरी हरकत नाही. तीच ४०५ साठी.

होल्ड कुठे दाबता याला महत्त्व आहे. थंड इंजिन सुरू झालं की पहिली काही मिनिटं ते स्वतःला आणि एक्झॉस्टमधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिस्टला तापवण्यात पेट्रोल घालवतं. त्या काळात त्याच्यावर जोर देऊ नये. म्हणून रॅम्प चढताना किंवा चढाच्या पायथ्याशी एचव्ही लावू नका. सपाट रस्त्यावर, ६० च्या स्थिर वेगात लावा. १५२ वर पाचेको खिंडीचा चढ आहे (माथा १,३६८ फूट). तिथे पोहोचेपर्यंत इंजिन तापलेलं हवं, म्हणजे उशिरात उशिरा गिलरॉयच्या लसणाच्या वासाबरोबर होल्ड दाबलेलं असावं. टोयोटात ईव्ही मोडमध्ये पाय पूर्ण दाबला तरी इंजिन मध्ये येत नाही. इतर अनेक कंपन्यांच्या प्लग-इन गाड्यांत येतं, आणि थंड इंजिन थेट पूर्ण जोरावर जातं. तशी गाडी असेल तर रॅम्पवर पाय जपून.

ग्रेपव्हाइन. खोऱ्याच्या तळापासून टेहोन खिंडीच्या माथ्यापर्यंत (४,१४४ फूट) चढ सुमारे ३,६०० फुटांचा आहे, म्हणजे खोपोली ते लोणावळा जेवढं चढतो त्याच्या जवळपास दुप्पट. त्यात सहा टक्क्यांचा सलग टप्पा आहे. २२०० किलो ११०० मीटर वर न्यायला साडेसहा युनिट लागतात आणि इंजिनाच्या हिशेबाने ते अर्ध्या गॅलनपेक्षा किंचित जास्त पेट्रोल होतं. त्या वेळी स्क्रीनवर १५-१८ दिसलं तर घाबरून जाऊ नका. इंजिन जोरात असतं पण वाया घालवत नसतं. चढावर ते चांगल्या कार्यक्षमतेनेच चालतं. म्हणून चढासाठी वीज खास राखायची गरज नाही आणि आधी बॅटरी भरून घ्यायचीही नाही. होल्डमध्येच ठेवा, ६० च्या आसपास, ट्रकांच्या डावीकडच्या लेनमध्ये. क्रूझ बंद केलेला बरा. तो ठरलेला वेग टिकवायला काटा पॉवरमध्ये नेतो. पायाने चालवलं तर उभ्या टप्प्यावर दोन-चार मैल सोडून देता येतात.

चार्ज मोडचं उत्तर इथेच देऊन टाकतो: या प्रवासात वापरू नका. इंजिनाची ताकद आधी जनरेटरमध्ये, तिथून बॅटरीत, मग परत मोटरमध्ये, प्रत्येक ठिकाणी थोडी गळती, आणि शेवटी हातात पाऊण हिस्सा. पेट्रोलच्या विजेवर ईव्ही मैल चालवणं म्हणजे एटीएममधून पैसे काढून शुल्क भरून परत त्याच खात्यात टाकणं. चढावर अडण्याची भीती आणि आधी बॅटरी भरून घेण्याची सवय मुळात शेव्हरोले व्होल्ट या जुन्या प्लग-इन गाडीच्या काळापासून आली आहे. त्या गाडीत खास माउंटन मोड होता आणि लांब चढाच्या आधी तो लावायचा असे, नाहीतर राखीव बॅटरी संपली की चढावर ताकद कमी पडायची. २०१९ ला व्होल्टचं उत्पादन थांबलं, पण तो सल्ला सगळ्या गाड्यांना चिकटून राहिला.

उतार मात्र लक्ष देण्यासारखा. माथ्यावरून कास्टेककडे उतरताना बॅटरीत जागा असली पाहिजे, आणि निम्मी राखलेली असेल तर ती असते. सहा टक्क्यांच्या पाच मैलांत जवळजवळ तीन युनिटची उंची गमावता. त्यातलं निम्मं हवा आणि टायर घेतात, बॅटरीत पडतं ते एक युनिटच्या आसपास. तीन मैल फुकट. ब्रेक आधीपासून हलका ठेवा. या गाड्यांत ब्रेकचा पहिला भाग मोटरच करते, काटा चार्जच्या पट्ट्यात असेपर्यंत ब्रेकच्या चकत्या फारशा लागत नाहीत. लिव्हर डी वरच असू द्या. रॅव्ह-४ मधला एस किंवा प्रायसमधला बी हा लांब, उभ्या उतारासाठी आणि बॅटरी भरलेली असतानासाठी आहे. बॅटरी भरली की ऊर्जा ठेवायला जागा नसते, मग गाडी इंजिन पेट्रोलशिवाय नुसतं फिरवून वेग रोखते. तो मोठा आवाज ऐकून लोक गाडी सर्व्हिसिंगला नेतात. बिघाड नसतो, मिळकत वाया जात असते.

होल्डचा खरा कस टाहो सरोवराकडच्या डोंगरी रस्त्यावर लागतो. समजा ट्रकी गावी मुक्काम केलात आणि रात्री पूर्ण चार्ज केलं. परतीला आय-८० वर आधी डॉनर माथा (७,२३९ फूट), मग सॅक्रामेंटोपर्यंत जवळजवळ समुद्रसपाटीला उतार. इथे सवयीने होल्ड लावून बॅटरी राखलीत तर फसलात. भरलेल्या बॅटरीने सात हजार फूट उतरणं म्हणजे भरलेल्या माठात पाणी ओतणं. इथे उलट करा: ट्रकीतले रस्ते आणि माथ्यापर्यंतचा चढ विजेवर काढा, म्हणजे माथ्यावर बॅटरी निम्म्याच्या खाली येईल. माथ्यापासून कोलफॅक्सपर्यंत सुमारे ४० मैलांत ४,८०० फूट उतार आहे. उंचीच देते पावणेनऊ युनिट, आणि त्या अंतराला चाकांना हवी साडेनऊच्या आसपास. म्हणजे गळती धरूनही बॅटरीतून जेमतेम दोन-तीन युनिट लागतात. तो टप्पा ईव्हीमध्ये ठेवा. पुढे सपाटी लागली की एचव्ही.

थंडीत आणखी एक गोष्ट. केबिन तापवायला दोन-तीन किलोवॅट सहज जातात, आणि समोरच्या काचेचं डीफ्रॉस्ट दाबलं की टोयोटा इंजिनच सुरू करते. हिवाळ्यात पहाटे निघताना फ्रीवे घराजवळ असेल तर सुरुवातीलाच होल्ड लावणं फायद्याचं. इंजिन चालणारच आहे, त्याची उष्णता फुकट मिळते, केबिन तापते, आणि वीज नंतर वापरता येते. सीट आणि स्टिअरिंगचे हीटर शंभर वॉटच्या आतबाहेर चालतात, ते आधी लावा. उन्हाळ्याचं उलट आहे: खोऱ्यात ४० अंश असताना एसी बंद करून बचत करायला जाऊ नका. ७० च्या वेगात एसीचा वाटा चार-पाच टक्के आणि उघड्या काचा त्यापेक्षा महाग पडतात. ही सूचना प्रायस प्राइम असणाऱ्यांना: बॅटरीला थंड हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून जाते. तिथे उशा-पांघरुणं कोंबू नका आणि जाळीतला केर वर्षातून एकदा काढा. बॅटरी तापली की गाडी तिचा वापर आपणहून कमी करते आणि सरासरी का पडली ते कळत नाही.

टपावरची पेटी. मोठी, बोथट पेटी इंटरस्टेटच्या वेगात १० ते २५ टक्के मायलेज खाते असं अमेरिकी ऊर्जा खात्याच्या माहितीत आहे. मागे हूकवर लावलेली पेटी १ ते ५ टक्के. रिकामी पेटी ‘लागेल पुढच्या महिन्यात’ म्हणून टपावर ठेवणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. टायरची हवा दाराच्या चौकटीवर लिहिली आहे तेवढी, सकाळी गाडी न चालवता, थंड टायरला. बाहेरचं तापमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो. नुकसान दर पीएसआयला ०.२ टक्के एवढंच आहे, पण चार चाकांत प्रत्येकी सहा-सात कमी असणं काही दुर्मीळ नाही.

वाटेत चार्जिंग? या गाडीला डीसी फास्ट चार्जिंग (रस्त्यावरच्या मोठ्या चार्जरवरचं जलद चार्जिंग) नाही, त्यामुळे केटलमन सिटीतले टेस्लाचे सुपरचार्जर कितीही असले तरी अॅडॅप्टर लावूनही उपयोग नाही. (मित्सुबिशी आउटलँडरच्या प्लग-इनला डीसी आहे, पण त्याला शाडेमो नावाचं वेगळं सॉकेट लागतं, ते मिळणंच आता कठीण.) साध्या २४० व्होल्टवर ३.३ किलोवॅटचा चार्जर असलेली गाडी पाऊण तासाच्या जेवणात सहा-सात मैल भरते. रस्त्यावरच असेल तर लावा, वळसा घालून जाऊ नका.

आणि दर पाहा. एक सोपा नियम: पेट्रोलच्या गॅलनच्या भावाला १४ ने भागा. येईल त्यापेक्षा युनिटचा दर जास्त असेल तर वीज पेट्रोलपेक्षा महाग. रॅव्ह-४ प्राइम १०० मैलांना भिंतीतून ३६ युनिट घेते आणि पेट्रोलवर ३८ मैल देते, त्यातून हा १४ येतो. प्रायस प्राइमचं गणित केलं तरी तेवढाच येतो. ४.८० भागिले १४ म्हणजे ३४ सेंट. घरी रात्रीचा दर ३१ सेंट असेल तर पूर्ण चार्जमागे फायदा अर्धा-पाऊण डॉलर. सार्वजनिक चार्जरवर ५५ सेंट असेल तर चक्क तोटा. प्लग-इनवाल्यांनी हा भागाकार कधी केलेलाच नसतो, कारण वीज स्वस्त असते हे गृहीत धरलेलं असतं. कॅलिफोर्नियात ते गृहीतक जपून धरावं.

याच न्यायाने सगळ्यात मोठी बचत चालवण्यात नाहीच. टाकी १४.५ गॅलनची आहे. गिलरॉयला भरून निघालात तर आय-५ वर एकदाही भरायला लागत नाही, आणि आय-५ च्या एक्झिटवर भाव बऱ्याचदा गॅलनला डॉलरभर चढा असतो. आठ-नऊ गॅलनवर तेच आठ-नऊ डॉलर.

लॉस एंजेलिसला ज्यांच्याकडे उतरणार आहात त्यांच्या गॅरेजमधलं साधं १२० व्होल्टचं सॉकेट पुरेसं आहे. रिकामी बॅटरी बारा तासांत भरते. फक्त ते सॉकेट आणि गॅरेजमधला जुना फ्रिज एकाच १५ अँपिअरच्या ब्रेकरवर आहेत का ते आधी विचारा. गाडीची केबल सलग १२ अँपिअर ओढते. फ्रिज मध्यरात्री सुरू झाला की ब्रेकर पडतो, सकाळी बॅटरी अर्धवट आणि काकूंचं फ्रीझरमधलं श्रीखंड पातळ. पातळ एक्स्टेंशन कॉर्ड लावूच नका. लावावीच लागली तर जाड तारेची, १२ गेजची, एकसंध, गुंडाळी पूर्ण उलगडलेली. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर काढा.

परतीला मांडणी तीच, दिशा उलटी: लॉस एंजेलिसची रांग विजेवर, सिल्मारला मोकळं झालं की होल्ड, पाचेको उतरून गिलरॉय आलं की ईव्ही आणि घर येईपर्यंत बॅटरी खाली. घरी आल्यावर लगेच प्लग लावू नका, टायमर रात्रीच्या दरावर ठेवा. आणि ट्रिप-बी वाचून लिहून ठेवा. पाठीशी वारा असताना ३६ आणि तोंडावर असताना ३२-३३ आले, वेग ७० होता, टप मोकळा होता, तर गाडी जेवढं देऊ शकते तेवढं मिळालं.